सहा तंबू, नंबर एकशे त्रेसष्ट

प्रेम राठोडच्या मारुतीच्या टपावर एक कॅरिअर बसवायचं, एवढंच ठरलं होतं. ठरलं तेव्हा मारुतीचा टप सपाट होता, मागचा बंपर जागेवर होता आणि गावात लोक प्रेमला 'सर' म्हणत होते.

कॅरिअर लागायचं कारण तंबू. प्रेमच्या आश्रमशाळेत मुलींचं गाइड पथक होतं. चोवीस मुली, सहा तंबू. पथकाच्या कॅप्टन बेबीताई. त्यांच्या एका शिट्टीत मुलीच काय, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा ओळीत उभी राहत. प्रेम हा पथकाचा 'सामानप्रमुख'. असं पद गाइडच्या कुठल्याही पुस्तकात नाही. ते प्रेमनं स्वतः तयार केलं, त्यावर स्वतःची नेमणूक केली आणि कार्यभार स्वीकारल्याबद्दल स्वतःच पेढे वाटले.

मागच्या वर्षी राळेगावच्या तालुका मेळाव्याला मुली एका एसटीनं गेल्या आणि तंबू दुसऱ्या एसटीच्या टपावरून. ते तंबू प्रेमनं स्वतः, घाम गाळून, अगदी नीट रचून वर चढवले होते. फक्त ती एसटी वणीची होती. नियम असा की दुपारी चारच्या शिट्टीला ज्यांचे तंबू मैदानावर नाहीत, ते पथक बाद. चोवीस मुली दोन दिवस कडुनिंबाखाली सतरंजीवर बसून दुसऱ्यांचे तंबू बघून आल्या. कोणी प्रेमला एका शब्दानं बोललं नाही. पथकाची नाईक नलू, नववीतली, तिनं फक्त एवढं विचारलं, "सर, वणीले मेळावा कसा झाला?"

तेव्हापासून प्रेमला झोपेत वणी दिसायची. यंदा तंबू स्वतःच्या गाडीनं न्यायचे आणि चारच्या आत पोचवायचे, अशी त्यानं प्रतिज्ञा केली. गाडी तिसऱ्या हातची मारुती आठशे. पहिले दोन हात डॉक्टरांचे होते, त्यामुळे गाडीला अजून स्पिरिटचा वास यायचा.

यवतमाळच्या मोटारसामानाच्या दुकानदारानं त्याला गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक दाखवलं. त्यात एक गोरा माणूस टपावर अख्खी होडी बांधून डोंगरात निघाला होता आणि दात दाखवत होता. प्रेमला वाटलं, होडी जाते तर तंबू का नाही जाणार? गोऱ्याची गाडी केवढी आहे, हे त्यानं पाहिलं नाही. तो दातच बघत राहिला.

कॅरिअर बसलं. टपाच्या पन्हळीला चार चिमटे, वर पाइपांची चौकट. घरासमोर गाडी उभी राहिली तसे शेजारचे पंजाबराव आले. पंजाबराव म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. निवृत्त फक्त कागदावर. अजून कोणी जिना चढलं तरी ते 'पुढं सरका, पुढं' म्हणतात.

"प्रेम, हे तू कायले बसवून राह्यला?"

"तंबू न्यायचे आहेत, काका."

"एसटीच्या टपावर शिडी अस्ते, जाळी अस्ते, अन् खाली एसटी अस्ते. तुह्या खाली काय हाये?"

प्रश्न बिनतोड होता. तरी तंबू चढवले. एकेक तंबू तीस किलोचा, जाड कॅनव्हास. पाचव्या तंबूला टप आतून बोलला. सहाव्याला आत बसलेली प्रेमची बायको उज्ज्वला म्हणाली, "अहो, छत माझ्या अंबाड्याला लागून राह्यलं."

"अंबाडा खाली बांध," प्रेम म्हणाला. संसारात असं एक वाक्य माणूस बोलतो आणि मग आठवडाभर स्वतःच्या हातची खिचडी खातो.

चाचणीसाठी तो गावाबाहेरच्या नाल्यावरच्या रपट्यापर्यंत गेला. समोर म्हैस आली, त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. तंबू थांबले नाहीत. कॅरिअरसकट सगळा डोलारा काचेवरून, बॉनेटवरून घसरत म्हशीच्या पायाशी जाऊन बसला. म्हशीनं हुंगलं, पटलं नाही, निघून गेली.

"पस्तीस वर्षं नोकरी केली," पंजाबराव लोकांना सांगत फिरले, "पण गाडीच्या आंधी सामान पोचलेलं हे पह्यल्यांदाच पाह्यलं."

प्रेमची आई, रामीबाई, अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "आपले बंजारा लोक बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. हजार हजार बैल. एक गोणी खाली पडत नोती. अन् तू कपड्याच्या सा वळकट्या रपट्यावरी नाई नेल्या."

"याडी," प्रेम आईला म्हणाला, "तेव्हा म्हशी आडव्या येत नव्हत्या."

"म्हशी तवाबी होत्या. बांधणाऱ्याले गाठ येत होती."

प्रेमनं कॅरिअर परसात नेलं. त्यावर उज्ज्वलानं पडवळाचा वेल चढवला. वेलाला मात्र ते फार मानवलं.

आता उरला ट्रेलर. गाडीच्या मागे दोन चाकांचा छोटा गाडा जोडायचा, वजन त्याच्यावर, टप मोकळा. ही कल्पना प्रेमची. काम भीमसिंग वेल्डरचं. भीमसिंगचा हात सोन्याचा, पण त्या हाताला आजवर एकच वस्तू माहीत होती: कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी. त्यानं एकदा शाळेला झोपाळा करून दिला होता, त्यावरही मुलं बसली की कपाशी भरल्यासारखी दिसत. प्रेमनं कागदावर आकृती काढून दिली. भीमसिंगनं ती भक्तिभावानं कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि बंडी बनवली. छोटी, स्कूटरच्या चाकांची, पण बंडीच. दोन्ही बाजूंना उंच पट्ट्या, कापूस सांडू नये अशा. पुढे जू बांधायला असतो तसा लांब दांडा, टोकाला कडी.

"भीमसिंग, आकृतीत हे नव्हतं."

"सर, आकृतीत चूक होती. मी सुधारली."

मारुतीला हूक जोडताना मागचा बंपर काढावा लागला. तो पुन्हा बसला नाही. तेवढ्यात भीमसिंगच्या रंगाऱ्यानं सवयीनं मागच्या फळीवर कमळं काढली आणि मध्ये ठळक अक्षरांत लिहिलं: 'पांढरं सोनं'.

"अरे, तंबू न्यायचे आहेत यात!"

रंगारी ब्रश धूत म्हणाला, "तंबूबी पांढरेच हायेत ना सर?"

ट्रेलरच्या कागदपत्रांसाठी प्रेमनं आरटीओचा एक एजंट गाठला. एजंट झाडाखाली टेबल टाकून बसायचा आणि झाडाएवढाच हलायचा. त्यानं विचारलं, "ट्रेलर कशासाठी?"

"तंबू, काठ्या, दोर, स्वयंपाकाची भांडी. मुलींच्या मेळाव्यासाठी."

एजंटनं अर्जावरून बोट फिरवलं. "मेळावा हा रकाना नाई. व्यापार हाये, शेतमाल हाये. व्यापार लिवला त रोज कागद मागतीन. शेतमाल लिवू?"

"पण तंबू शेतात कुठे पिकतात?"

"सर, तुमी शिकलेले. मी काय सांगू? यवतमाळ जिल्ह्यात बंडीत शेतमालाशिवाय काय अस्ते?" त्यानं लिहिलं, शिक्का आणला, हातात दिला. कागदावर स्वच्छ अक्षरांत उमटलं: 'वाहन — ट्रेलर. उपयोग — शेतमाल (कापूस)'. कंसातला कापूस एजंटनं आपुलकीनं घातला होता. त्याचे पैसे त्यानं लावले नाहीत.

मेळाव्याचा दिवस उजाडला. बेबीताई मुलींना घेऊन सकाळच्या एसटीनं गेल्या. जाताना त्यांनी खिडकीतून बोट उगारलं, "सर, चारची शिट्टी. राळेगाव. रा-ळे-गा-व." नलूनं मागच्या खिडकीतून नुसता नमस्कार केला. त्या नमस्कारात वणी होती.

उज्ज्वलानं आदल्या दिवशी तंबू धुऊन दिले होते. थोडे ओलसर होते, पण दुधासारखे पांढरे. रामीबाईनं स्वतः दोर आवळला. पट्ट्यांच्या फटींतून कॅनव्हासचे पांढरे फुगे बाहेर आले. साडेअकराला प्रेम निघाला. खड्ड्यात ट्रेलर उसळायचा, दांडा करकरायचा, पण मागेच राहायचा. प्रेमनं आरशात बघून गोऱ्यासारखे दात दाखवले.

ते वर्ष कापसाचं अवघड होतं. भाव पडलेले, खाजगी व्यापारी हात आखडून बसलेले, खरेदी केंद्र उशिरा उघडलेलं, आणि उघडलं तेव्हा सगळा मुलूख एकदमच त्याच्या दाराशी आलेला. राळेगावच्या अलीकडे फाट्यावर ते केंद्र होतं. प्रेम तिथं पोचला तेव्हा पुढे बंड्यांची रांग. त्याला वाटलं, रस्त्यात काहीतरी अडलंय. तो सभ्यपणे शेवटच्या बंडीमागे थांबला आणि हँडब्रेक ओढला.

चूक एवढीच झाली. जन्मभर त्याला सभ्यपणा शिकवला होता. तो कुठे करू नये, हे कोणी शिकवलं नव्हतं.

पाच मिनिटांत त्याच्या मागे बैलबंडी लागली, तिच्यामागे आणखी चार. उजवीकडे ट्रॅक्टरांची दुसरी रांग तयार झाली. प्रेमनं हॉर्न दिला, चाक वळवलं. तसा एक दणकट माणूस हातात खडू घेऊन धावत आला.

"नंबर तोडते का बे?"

हा अमरसिंग. रांगेतल्या लोकांनीच त्याला नेमलं होतं. चार-चार दिवस रस्त्यावर काढायचे, तर नंबर सांभाळायला कोणीतरी कडक लागतो. अमरसिंग गाडीवर खडूनं आकडा घालायचा आणि तो आकडा देवाच्या बापालाही पुसता येत नसे.

"दादा, मी कापूस घेऊन नाही आलो. तंबू आहेत."

अमरसिंगनं ट्रेलरभोवती फेरी मारली. उंच पट्ट्या पाहिल्या. पांढरे फुगे पाहिले. मागची फळी मोठ्यानं वाचली, "पांढरं सोनं."

"ते रंगाऱ्यानं चुकून..."

"कागद?"

प्रेमनं कागद दिला. अमरसिंगनं तोही मोठ्यानं वाचला. कंसासकट. मग तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, परवा एकानं लग्नाच्या जीपमंधी कापूस आणला. वरून नवरदेव बसवलेला, बाशिंग बांधून. खराच नवरदेव होता बिचारा, मुहूर्त टळला त्याचा. आमी नवरदेवालेबी नंबर देला. तुमी तंबू सांगता." आणि त्यानं मारुतीच्या बॉनेटवर लिहिलं: १६३.

प्रेमनं मागे घ्यायचं ठरवलं. गाडी मागे घेतली की ट्रेलर आडवा व्हायचा, पुन्हा पुढे घ्यावी तर पुढच्या बंडीतला म्हातारा 'अरे बाप्पा' म्हणून पाय वर घ्यायचा. बैलबंडी मागे जात नाही हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ट्रेलरही मागे जात नाही, हे ज्ञान त्या दिवशी नव्यानं फक्त प्रेमला झालं. चार प्रयत्नांत ट्रेलर रांगेला काटकोनात उभा राहिला. लोकांनी उचलून सरळ केला आणि कोणीतरी म्हणालं, "मास्तर दिसते."

साडेबाराला कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर रांगेतून फिरत आला. दिवसाला दोनशे गाड्यांत हात घालून त्याची नजर विझलेली, नुसती बोटं जिवंत होती. प्रेमला हायसं वाटलं. एक सरकारी, सुशिक्षित माणूस. ग्रेडरनं न बोलता पट्टीतून हात घातला, तंबूची चिमूट धरली, चोळली, ओढली, नाकाशी नेली.

"ओल आहे," तो म्हणाला. "दुय्यम." आणि पुढे गेला.

"साहेब, तो तंबू आहे!" प्रेम मागून ओरडला.

"सगळे असंच म्हणतात," ग्रेडर न वळता म्हणाला.

अमरसिंगनं प्रेमच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तरी मान्य कर भाऊ. कापूस नस्ता त त्यानं कायले नापास केला अस्ता?"

एक वाजला. दीड वाजला. प्रेम बॉनेटला टेकून घड्याळ बघत होता. त्याला कडुनिंब दिसत होता, त्याखाली सतरंजी, सतरंजीवर चोवीस वेण्या. मागच्या बंडीवाला, नंबर एकशे चौसष्ट, बराच वेळ त्याच्याकडे पाहत होता. साठीचा वाळका माणूस, डोक्याला फडकं. नाव लखीराम. तो उतरला, ट्रेलरमध्ये कोपरापर्यंत हात घातला, चाचपला आणि एक लाकडी खुंटी बाहेर काढली. मग दुसरी. मग एक शिट्टी. मग वरणाची कढई.

"अमरसिंग," तो म्हणाला, "कापसात कढई कायले ठेवन कोणी?"

अमरसिंग कढईकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याचा खडू खाली आला. प्रेमनं सगळं सांगितलं. मुली, चारची शिट्टी. वणीचंही सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण माणूस रडकुंडीला आला की खरं बोलतो.

"पोरी बसून राह्यल्या दोन दिवस?" लखीरामनं विचारलं.

"हो."

"तुमच्यामुळं?"

"हो जी."

आजूबाजूचे पाच-सहा जण गोळा झाले होते. सगळ्यांनी च्यक् च्यक् केलं. ते मुलींसाठी होतं, प्रेमसाठी नव्हतं. पण सुटायचं कसं? पुढे बंड्या, मागे बंड्या, उजवीकडे ट्रॅक्टर. डावीकडे नाली आणि पलीकडे शेतांमधली पांदण. पांदणीनं राळेगाव दीड कोस, पण चिखलाच्या खोल चाकोऱ्या. तिथं मारुती पोटावर बसली असती.

लखीरामनं ट्रेलरचा लांब दांडा हातात घेऊन तोलला. "हा त जुवाचाच दांडा हाये. बैल लागतीन याले. मी नेतो."

प्रेम हुकातली कडी सोडवायला धावला. लखीराम मात्र डोकं खाजवत स्वतःच्या बंडीकडे पाहू लागला. आठ क्विंटल कापूस, चार दिवसांची रांग. "पण माहे बैल गेले अन् रांग सरकली, त माही बंडी कोन ओढन? नंबर गेला त पुन्हा शेवटी."

हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. मारुतीच्या मागे, जिथं बंपर नव्हता आणि हूक होता.

सव्वादोनला लखीराम बैलांना ट्रेलर जोडून नाली ओलांडून पांदणीला लागला. 'पांढरं सोनं' कपाशीच्या शेतांमधून डुलत दिसेनासं झालं. इकडे अमरसिंगनं लखीरामची बंडी मारुतीला दोरानं आवळली आणि बॉनेटवर १६३ च्या खाली १६४ लिहिलं. सामानप्रमुख प्रेम राठोड, बी.एस्सी., बी.एड., स्टिअरिंगवर बसला. त्याच्या मागे आठ क्विंटल कापूस होता.

त्या दुपारी रांग नेमकी धावत सुटली. चार दिवस न हललेली रांग दर दहा मिनिटांनी आठ-दहा बंड्या सरकू लागली. प्रत्येक वेळी प्रेम पहिला गिअर टाकायचा, क्लच जळल्याचा वास यायचा, मागून सहा जण ढकलायचे आणि "जोर लगा के" म्हणायचे. एकानं सवयीनं मारुतीच्या मागच्या काचेवर थाप मारून "हो, हो, सर्जा!" म्हटलं. गाडी खरोखर थोडी पुढे गेली. प्रेमनं ते मनावर घेतलं नाही, पण गाडीनं घेतलं असावं.

चार वाजले तेव्हा तो फाटकापासून अजून सत्तर बंड्या मागे होता. त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

साडेपाचला नंबर लागला. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "शेतकरी तुम्ही?"

"नाही. लखीराम. तो राळेगावला गेलाय."

"मग तुम्ही कोण?"

प्रेमनं विचार केला. शिक्षक म्हटलं तर आज शाळा बुडवली का विचारतील. सामानप्रमुख म्हटलं तर सामान कुठे आहे विचारतील. "गाडीवान," तो म्हणाला. बाबूनं तसं लिहून घेतलं.

ग्रेडर आला. बंडीत हात घातला, चिमूट धरली, चोळली, ओढली. "ओल आहे. दुय्यम."

दुपारपासून प्रेमनं बरंच गिळलं होतं. हे नाही गिळलं. स्वतःच्या तंबूचा अपमान वेगळा, पण हा माणूस त्याच्यासाठी पांदणीत गेला होता. त्याचा आवाज वर्गात चढतो तसा चढला. "साहेब, दुपारी तुम्ही माझ्या तंबूलासुद्धा हेच म्हणालात. हेच शब्द. कॅनव्हासचा तंबू होता तो! त्याला खुंट्या होत्या! कढई होती आत!"

"हो जी," मागून अमरसिंग म्हणाला, "कढई मी सोता पाह्यली."

हशा फाटकापासून रस्त्यापर्यंत गेला. नेमका कशाला हसायचं हे मागच्यांना कळलं नाही, पण चार दिवसांत हसायला मिळालं नव्हतं, म्हणून तेही हसले. ग्रेडर लाल झाला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या वेळी त्यानं बंडीत खोल, खालपर्यंत हात घातला आणि पुंजका उजेडात धरून बराच वेळ पाहिला. बहुधा त्या आठवड्यात त्यानं डोळ्यांनी पाहिलेला तो पहिला कापूस.

"कोरडा आहे," तो हळूच म्हणाला. "पहिली प्रत."

दिवस कलताना लखीराम आला. रिकाम्या ट्रेलरवर ताठ बसून. फडकं डोक्यावर नव्हतं, गळ्यात पथकाचा निळा स्कार्फ होता, कॅप्टन बांधतात तसा गुंडाळून. हातात पुठ्ठ्याची नळी.

"तंबू?" प्रेम धावला.

"चारले पाच कमी होते तवा पोचलो. पोरींनी सारे साही उभे केले, चट चट चट. एक खुंटी ढिली होती, मी गाठ दाखवली. मंग सगळ्यायनं तेच गाठ मारली. तंबू उभारण्यात दुसरा नंबर आला."

प्रेमला काही दिसेना. डोळ्यांत धूळ गेली असणार, केंद्रावर धूळ फार असते. "दुसरा नंबर," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"मंग मोठे साहेब आले," लखीराम जरा अडखळत म्हणाला. "बाकी शाळांचे टेम्पो मैदानात रुतले होते. साहेब म्हणे, तुमचं सामान बिगर धुराचं, बिगर डिझलचं आलं, असं नियोजन कोनी केलं? सामानप्रमुख कोन? बेबीताईनं माह्याकडं बोट केलं. साहेबानं इचारलं, किती वर्साचा अनुभव? मी म्हटलं, चाळीस." त्यानं पुठ्ठ्याच्या नळीतून कागद काढला. 'साहित्य वाहतूक व नियोजन: उत्कृष्ट. सामानप्रमुख श्री. लखीराम.' खाली सही, शिक्का, सगळं खरं.

"मास्तर, हे तुमचंच हाये," तो म्हणाला आणि कागद पुढे केला. पण हात पुरता पुढे येईना.

प्रेमनं कागद वाचला, गुंडाळला, नळीत घातला आणि लखीरामच्या खिशात कोंबला. "नाही काका. मी आज गाडीवान होतो. लिहून घेतलंय तसं." आणि त्यानं पहिल्या प्रतीची पावती लखीरामच्या हातात दिली. लखीराम ती पावती तीनदा उलटसुलट करून पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेम मैदानावर पोचला. सहा तंबू ओळीत, ताणलेले, पांढरेशुभ्र. मुलींनी सॅल्यूट ठोकला. त्यानंही ठोकला. काहीतरी मोठं, लक्षात राहील असं बोलावं म्हणून त्यानं घसा साफ केला.

तेवढ्यात नलू एक पाऊल पुढे आली. अगदी मनापासून म्हणाली, "सर, पुढच्या वर्षीबी तुमी रांगेतच थांबा ना."